तलवार खाली ठेवल्यावर

चित्रपट सुरू झाला आणि मी पडद्याऐवजी मावशीच्या तोंडाकडेच बघत बसले. कादंबरी तिची, आणि ती चित्रपटाला दे म्हणून तिच्या मागे लागले मी. तिची अट एकच होती. तलवार खाली ठेवून मुलगी प्रार्थना करते, तेवढं पान गाळायचं नाही. "संकलन मीच करतेय, कोण गाळतंय बघू," असं मी छातीठोकपणे सांगून बसले होते.

पुस्तकात ती मुलगी आगीच्या राक्षसापुढे गुडघे टेकते, "माझ्याच्यानं होत नाही, तू ये" म्हणते, आणि आग मागे सरते. मावशीचे कान गेले तेव्हा तिनं हेच म्हटलं होतं. कान काही परत आले नाहीत, पण कुणीतरी आलं, असं ती सांगते.

आमच्या दिग्दर्शकाला सगळे कप्तान म्हणतात. त्याला ते "तू ये" नडलं. "देवाचं नाव काढलं की लोक मोबाइल काढतात," म्हणे. मग गुडघे ठेवले, ओठ हलते ठेवले आणि वर दणदणीत संगीत घातलं. शब्द ऐकूच जाणार नव्हते, म्हणून चित्रीकरणात त्या पोरीला नुसते आकडे म्हणायला लावले. हे मला संकलनाला बसल्यावर कळलं. मावशी ओठ वाचते. मी काय करावं? बाजूनं घेतलेला, केस तोंडावर आलेला शॉट लावला आणि गप्प बसले.

आज सकाळी कप्तान खुशीत म्हणाला, "तिथं मी क्लोजअप टाकलाय. काय डोळे आहेत पोरीचे!" तेव्हापासून माझा जीव थाऱ्यावर नाही.

तो प्रसंग आला. "मावशी, पाणी हवं?" मी बाटली तिच्या तोंडासमोर धरली. तिनं माझा हात बाजूला सारला. पडद्यावर दाराएवढे ओठ हलत होते. मावशीचेही ओठ हलायला लागले, तिला ते पान पाठ. मग तिचे थांबले. पडद्यावरचे चालूच होते.

दिवे लागले. कप्तान लगबगीनं आला. "काय ताई, डोळे भरून आले ना?"

"आग कुणी थांबवली?" मावशीनं विचारलं.

"तिच्या आत्मविश्वासानं!"

"सातपर्यंत मोजून?"

कप्तान हसायला गेला आणि मध्येच थांबून माझ्याकडे बघायला लागला. मावशीही माझ्याकडे वळली.

"तुला माहीत होतं?"

"हो," मी खाली बघत पुटपुटले.

"मान वर कर, आणि सांग."

मी मान वर केली. आता ओठच हलेनात. ती माझ्या तोंडाकडे बघत वाट पाहत राहिली.