हात पुढे गेला नाही

लग्नानंतर पहिल्यांदा सासरहून आमच्या घरी निघालो, तेव्हा सासूबाईंनी मला फाटकापाशी थांबवलं. म्हणाल्या, "हा बडबड करेल, दाढी करताना बेसूर गाईल, तुझं डोकं उठवेल. ते चालू दे. गप्प झाला की मात्र जवळ जा, बरं का. त्याचं गप्प बसणं म्हणजे शांत होणं नव्हे." मी 'हो आई' म्हटलं आणि गाडीत बसल्यावर नवऱ्याला त्यांची नक्कल करून दाखवली. तो पोट धरून हसला. आईला मुलाचं कौतुक असतंच, एवढंच मी त्यातून घेतलं.

मग ठमी झाली. तिचं खरं नाव वेगळं, पण जन्मतःच गुबगुबीत, म्हणून तिच्या बापाने ठमी ठेवलं. मी मुळात घाबरट. ती झोपली की तिच्या नाकाखाली बोट धरून श्वास बघायचा, जागी असली की तोंडात काय घालते ते बघायचं. तिला कोणाच्या हातात म्हणून द्यायची नाही. आमच्या चर्चच्या पाळकांच्या बायकोने एकदा हौसेने उचलून घेतली, तर मी समोर दोन्ही हात पसरून उभी राहिले, झेल घ्यायला राहावं तशी. त्या बिचाऱ्या हसून म्हणाल्या, "घे बाई, घे परत."

अशा घरात नवरा गाणं म्हणेनासा झाला, तर मला काय वाटलं असेल? मला बरं वाटलं. पोर झोपतेय तर हाही समजून वागतोय, असं वाटलं.

तो लिफ्ट दुरुस्त करतो. त्याचा कामातला जोडीदार होता, त्याला सगळे लांब्या म्हणत. दोघं मिळून शहरातल्या अर्ध्या इमारतींच्या लिफ्ट सांभाळायचे. त्याचं गाणं थांबलं त्याआधी एके दिवशी ठमीला ताप भरला. मी नवऱ्याला कामावर जाऊ दिलं नाही. साधाच ताप होता, दुपारपर्यंत उतरलाही. पण त्या दिवशी नवऱ्याच्या वाटचं काम लांब्याने केलं, आणि तो लिफ्टच्या खड्ड्यात वरून खाली पडला. गेला.

नवरा पुरुषांच्या सकाळच्या प्रार्थनेला जायचा, लग्नाआधीपासून. चर्चच्या मागच्या खोलीत, कामावर जायच्या आधी. बेकरीवाले काका ती चालवतात. पहिली भट्टी उतरली की पीठ झटकत येतात. शहर बसचा एक ड्रायव्हर आहे, त्याला सगळे भोंगा म्हणतात, कारण त्याची प्रार्थना रस्त्यापलीकडे ऐकू येते. निवृत्त मास्तर आहेत, आणखी चार-सहा जण. बायबलमधलं वचन वाचून झालं की सगळे गोल उभे राहतात, एकमेकांचे हात धरतात आणि पाळीपाळीने प्रार्थना करतात. ज्याला बोलायचं नसेल त्याने शेजाऱ्याचा हात दाबायचा. पाळी पुढे जाते. का बोलला नाहीस, असं कोणी विचारत नाही. या रीतीचं नवऱ्याला फार कौतुक होतं. म्हणायचा, "पुरुषांना एवढी सूट कुठेच मिळत नाही."

लांब्या गेल्यावर पहिल्याच सकाळी त्यांनी नवऱ्याला मधे उभं केलं. साक्ष दे म्हणाले. देवाने तुला त्या दिवशी घरी ठेवलं, तुझा जीव राखला. एकेकाने त्याच्यासाठी आभार मानले. भोंग्याचं आमेन तर म्हणे खिडक्यांना लागलं. घरी येऊन तो मला म्हणाला, "सगळ्यांनी आज माझ्यासाठी आभार मानले." मी ठमीची लंगोटी बदलत होते. मान वर न करता म्हणाले, "मानायलाच हवेत."

तो थोडा वेळ दारात उभा राहिला, मग आत जाऊन तेलाची बाटली घेऊन आला आणि दाराच्या बिजागऱ्यांत तेल घालू लागला.

त्यानंतर त्याने घरातलं काहीही नादुरुस्त ठेवलं नाही. गळका नळ, पाळण्याचे स्क्रू, गॅसची नळी. मी शेजारणीला सांगितलं, "बाप झाल्यावर माणूस सुधारतो बघ." रोज सकाळी तो आधीसारखाच प्रार्थनेला निघायचा, तिथून परस्पर कामावर.

त्या सकाळी तो डबा विसरला. एरवी मी जाऊ दिलं असतं, पण मागून हाक मारली तर त्याने वळून पाहिलं नाही, हे मनात टोचत होतं. ठमीला कडेवर घेतलं, डबा घेतला. दाराजवळच्या हुकावर त्याच्या कामाच्या चाव्या असतात. तिथे निळी पट्टी गुंडाळलेली चावी नव्हती. माझं लक्ष गेलं, कारण असल्या गोष्टींकडे माझं लक्ष जातंच. त्याचा अर्थ मात्र लावला नाही.

मी पोचले तेव्हा प्रार्थना संपून मंडळी चहा पीत होती. नवरा दिसला नाही.

"अरे, वहिनी," भोंगा म्हणाला. "डबा आमच्यासाठी का? एवढी दया?"

"त्यांचा विसरला. गेले का ते?"

बेकरीवाले काका कप खाली ठेवत म्हणाले, "पोरी, तो कुठे येतोय आता? त्याची सकाळची शिफ्ट लागली ना? बरेच दिवस झाले. आम्ही रोज आठवण काढतो त्याची."

ठमीने डब्याच्या कडीला तोंड लावलं होतं आणि मी ते काढत नव्हते.

"काय झालं?" मास्तरांनी विचारलं.

"शिफ्ट नाही लागलेली," मी म्हणाले. "ते रोज इथेच यायला निघतात. मला तसंच सांगतात."

मग भोंगा हळू आवाजात म्हणाला, आणि त्याचा हळू आवाज मी पहिल्यांदाच ऐकला, "काका, यायचा बंद व्हायच्या आधी तो नुसता हात दाबत होता. माझ्याच शेजारी उभा असायचा. मी पाळी पुढे नेत होतो."

"सगळ्यांनीच नेली," काका म्हणाले.

तेव्हा मला निळ्या पट्टीच्या चावीचा अर्थ लागला. ती लांब्या पडला त्या इमारतीची होती. गच्चीवरच्या मोटरच्या खोलीची. ते काम कंपनीने नवऱ्याकडून काढून घेतलं होतं. चावी त्याच्याकडे असायलाच नको होती. आणि बिजागऱ्यांचं तेल, नळ, पाळणा, नळी, सगळं एकदम माझ्या डोळ्यांसमोर आलं. कोणी लांबच्या गावाला निघताना घर आवरतं तसं त्याने आमचं घर आवरून ठेवलं होतं.

मी हे त्यांना कसं सांगितलं ते आठवत नाही. काका बेकरीच्या व्हॅनची किल्ली घेऊन उठले. भोंग्याने ती त्यांच्या हातातून काढून घेतली. "तुम्ही चालवलीत तर संध्याकाळच्या उपासनेला पोचू. बसा मागे." मास्तरांनी निघता निघता नवऱ्याच्या साहेबांना आणि पोलिसांना फोन लावला. नवऱ्याचा फोन मी लावत होते. वाजत होता, उचलत नव्हता. व्हॅनमध्ये पावांचा वास कोंडला होता. ठमीला मजा वाटत होती. प्रत्येक वळणावर ती हसत होती, आणि मला ते हसणं ऐकवत नव्हतं.

इमारतीच्या तळमजल्यावर लिफ्टचा दिवा विझलेला होता. चौकीदार म्हणाला, "वरून बंद केलीय. तुमचा माणूस वर गेलाय, दुरुस्तीला. रोज येतो की."

आता जिनाच उरला. मी पहिल्या पायऱ्या चढले आणि मास्तर मागून म्हणाले, "माझे गुडघे वर यायचे नाहीत. हात मात्र धड आहेत. दे तिला."

मी त्यांच्याकडे पाहिलं. थरथरणारे हात, नाकावर घसरलेला चष्मा. त्या हातांत मी एरवी काचेचा पेलासुद्धा दिला नसता. मी ठमीला त्यांच्याकडे दिलं आणि मागे न बघता पळत सुटले.

काका अर्ध्यातच धापा टाकायला लागले, तरी थांबले नाहीत. भोंगा पुढे होता. प्रत्येक मजल्यावर लिफ्टची बंद दारं. मी त्यांच्याकडे बघत नव्हते. कोणाच्या तरी घरात कुकर लावलेला होता, कोणी मुलाला शाळेसाठी उठवत होतं. भिंतीपलीकडे सगळ्यांची सकाळ नेहमीसारखी चालली होती, याचा मला राग आला.

गच्चीचं दार उघडं होतं. मोटरच्या खोलीचं लोखंडी दार आतून लावलेलं. दाराला वरच्या बाजूला जाळी होती, तिचा एक कोपरा निघालेला. भोंग्याने आत डोकावलं, मला मागे सारलं आणि काकांना नुसती मान हलवली. आहे.

"अरे, मी आलोय," काका जाळीपाशी जाऊन म्हणाले. श्वास पुरत नव्हता त्यांना. "बेकरी उघडी टाकून आलोय. तेव्हा लवकर बोल."

आतून काहीच नाही.

"बरं, बोलू नकोस. हात दे."

जाळीच्या निघालेल्या कोपऱ्यातून त्यांनी हात आत घातला. कडांना गंज होता, मनगटावर ओरखडा उमटलेला मला दिसला. हात तसाच आत लोंबकळत राहिला. किती वेळ ते मला सांगता येणार नाही. मग काकांचा खांदा किंचित हलला. त्यांनी डोळे मिटले.

"दाबला त्याने," ते आम्हाला ऐकू जाईल एवढंच पुटपुटले. मग आत म्हणाले, "कळलं. पण आज पुढे कोणी नाहीये. आज पाळी तुझ्यावरच थांबलीय. मी सोडणार नाही हात."

आतून आवाज आला. तो माझ्या नवऱ्याचा आवाज होता, पण झोपेतून उठल्यासारखा. "काका, तुम्ही सगळे म्हणालात देवाने मला वाचवलं."

"म्हणालो."

"मग लांब्याला कोणी ढकललं?"

भोंग्याने तोंड उघडलं. काकांनी त्याच्याकडे नुसतं पाहिलं, आणि त्याने मिटलं.

"मला माहीत नाही," काका म्हणाले. "आभार मानायची घाई झाली आम्हाला. आधी तुझ्याबरोबर लांब्यासाठी रडायला हवं होतं. ते राहिलं."

"सगळ्यात मोठ्याने आमेन मीच म्हटलं," भोंगा म्हणाला. "मारायचं तर मला मार. बाहेर येऊन मार."

आत हुंदका होता की हसू, कळलं नाही. मग तो म्हणाला, "तिला सांगू नका. रजा तिने घ्यायला लावली होती. ती स्वतःला आणि पोरीच्या तापाला दोष देत बसेल. जन्मभर."

तो हे मलाच कळू नये म्हणून इतके दिवस एकटा वाहत होता, आणि मी शेजारणीला तो बाप झाल्यावर सुधारला म्हणून सांगत होते. बोलायचं बरंच होतं. माझ्या तोंडून मात्र भलतंच निघालं.

"मी इथेच आहे. ऐकलं मी. ठमी खाली मास्तरांकडे आहे. ती रडायला लागली तर त्यांना जिना चढता यायचा नाही. दार उघड."



"मास्तरांकडे?" तो म्हणाला. "तू तिला मास्तरांकडे दिलीस?"

"दिली."

"अगं, त्यांचे हात थरथरतात."

"माहितेय. म्हणून तर म्हणतेय, उघड."

काकांनी हात सोडला नव्हता. ते म्हणाले, "दुसऱ्या हाताने काढ कडी." कडी घट्ट बसली होती. घरभर तेल घालत फिरला, तिथे घातलं नव्हतं. ती करकरत सरकली तो आवाज मला अजून ऐकू येतो.

दार उघडल्यावर भोंग्याने आधी आत जाऊन खोलीच्या जमिनीत लिफ्टच्या खड्ड्यावर असलेलं लोखंडी झाकण लावलं आणि त्यावर स्वतः बसला. मग बाकीचं. काकांनी नवऱ्याला धरलं, मी दोघांना. त्याच्या शर्टाला ग्रीसचा वास येत होता आणि काकांच्या अंगाला पावाचा. प्रार्थना कोणी केली नाही. खाली उतरलो तेव्हा पोलीस आले होते, साहेब आले होते, आणि मास्तर पायरीवर बसून ठमीला पाढे म्हणून दाखवत होते. ती मन लावून ऐकत होती.

त्याच दिवशी आम्ही त्याला डॉक्टरांकडे नेलं. औषध चालू आहे. डॉक्टर म्हणतात वेळ लागेल. दाढी करताना तो अजून गात नाही. एका सकाळी गुणगुणल्यासारखं वाटलं आणि मी नळ बंद करून कान दिला, तर तो घसा साफ करत होता. मी आता गप्प बसण्याला शांतता समजत नाही. विचारते. तो कधी चिडतो, म्हणतो, "पोलीस आहेस का?" मी म्हणते, "हो." सासूबाईंना फोन करून सगळं सांगितलं. त्या एवढंच म्हणाल्या, "उद्या येते."

लांब्याच्या घरी तो अजून गेलेला नाही. काका म्हणालेत, "जाशील तेव्हा मी बरोबर येईन, तोपर्यंत घाई नाही."

सकाळची प्रार्थना चालू आहे. हात दाबायची सूट तशीच आहे. फक्त आता जो हात दाबतो, त्याच्याबरोबर शेजारचा माणूस बाहेर पडतो आणि त्याच्या कामापर्यंत चालत जातो. बोललाच पाहिजे असं नाही. भोंगा तर म्हणे कोणाला बसमधून पोचवतो आणि वाटेत स्वतःच बोलत राहतो.

हे लिहायला मी ठमी झोपल्यावर बसले आहे. तुमच्याही ओळखीत कोणी असेल. पूर्वी बोलायचा, आता हसून मान हलवतो. बोलावलं की काम आहे म्हणतो, आणि तुम्हाला ते खरं वाटतं. त्याच्यासाठी तुम्ही प्रार्थना करत असाल, तर ती करत राहा. पण हा कागद खाली ठेवलात की उठा आणि त्याच्या दारापर्यंत जाऊन या. त्याने हात दाबला तर लगेच सोडू नका.