ठिगळांचा विंडसॉक

मित्रांनो, मी एक जुना विंडसॉक आहे. नाव ऐकून बिचकू नका. दोन्ही तोंडं उघडी असलेला, एका बाजूला रुंद आणि दुसऱ्या बाजूला निमुळता असा नारिंगी कापडाचा लांबलचक मोजा, एवढंच माझं रूप. उंच खांबावर लोखंडी कड्यात मला अडकवतात. वारा माझ्या तोंडातून आत शिरतो आणि शेपटीतून बाहेर पडतो. मी कोणत्या दिशेला आणि किती उचललो गेलो ते पाहून वैमानिक विमान कुठून उतरवायचं ते ठरवतो. विमान वाऱ्याला सामोरं उतरलं तर लवकर थांबतं. वारा पाठीमागून असला तर धावत सुटतं. हे एक वाक्य तेवढं लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

एका कारखान्यात माझा जन्म झाला. मी नायलॉनचा, अंगाने हलका आणि स्वभावाने थोडा उतावळा होतो. झुळूक आली रे आली की शेपटी उचलायचो. एका खोक्यात घडी होऊन मी पेनसिल्व्हेनियातल्या एका खेड्यात पोचलो. स्टेट कॉलेज नावाच्या गावापासून गाडीने तासभर आत, मक्याच्या शेतांच्या मधोमध गवताची एक लांब पट्टी होती. ती पट्टी म्हणजेच धावपट्टी. तिथे ना टॉवर, ना दिवे. मालक होते गुरुदत्त, नागपूरचे सॉफ्टवेअर इंजिनियर. आठवडाभर कॉम्प्युटरसमोर बसायचे आणि शनिवार-रविवारी पोरांना विमान चालवायला शिकवायचे. त्यांच्या पत्नी प्रीता. विमानात बसल्या की त्यांना मळमळायचं, म्हणून त्यांनी जमिनीवरचं सगळं राज्य आपल्याकडे घेतलं होतं. आणि त्यांची एकुलती एक मुलगी अंतरा, याच देशात जन्मलेली.

गुरुदत्तांनी दरवर्षी सप्टेंबरात फ्लाय-इन भरवायला सुरुवात केली. म्हणजे दूरदूरचे हौशी वैमानिक आपापली छोटी विमानं घेऊन यायचे, गवतात रांगेने उभी करायचे, विमानाच्या पंखाखाली तंबू ठोकायचे आणि दोन दिवस गप्पा, खाणं आणि उडणं. त्याची तयारी महिनाभर चालायची. गवत कापायचं, चुन्याने रांगा आखायच्या, फिरती संडासं मागवायची, सगळ्यांना ईमेल पाठवून बजावायचं की शेजाऱ्याच्या गोठ्यावरून खाली उडू नका, गाई बिथरतात. गुरुदत्तांचे मित्र श्रीरंग केशरी जाकीट घालून विमानांना जागा दाखवायचे आणि प्रीता मोठ्या तव्यावर पॅनकेक आणि शेजारच्या कढईत पोहे करायच्या. पॅनकेकची रांग छोटी आणि पोह्यांची मोठी असायची. हे सगळं मी वरून पाहायचो. पाहुण्यांना सगळ्यांत आधी मीच दिसायचो, त्यामुळे हा सोहळा माझ्याच जिवावर चाललाय असा माझा समज होता.

दुसऱ्या वर्षी वादळात माझी कूस फाटली. नवा विंडसॉक आणावा, असा साधा विचार कुणीही केला असता. पण प्रीता वेगळ्या होत्या. इथल्या वैमानिकांत एक रिवाज आहे. शिकणाऱ्याने पहिल्यांदा एकट्याने विमान उडवलं की गुरू त्याच्या शर्टाची पाठ कापून घेतो आणि त्यावर नाव आणि तारीख लिहितो. गुरुदत्तांचा स्वतःचा असा एक तुकडा कपाटात पडून होता. प्रीतांनी तो काढला आणि माझ्या जखमेवर शिवून टाकला. म्हणाल्या, "कपाटात ठेवून काय करायचंय? वाऱ्यावर राहू दे."

मग तीच रीत पडली. वर्षभरात ज्याने कुणी एकट्याने उडवलं, त्याच्या शर्टाचा तुकडा फ्लाय-इनच्या शनिवारी माझ्या अंगावर चढायचा. फाटलेलं असो वा नसो. टाळ्या वाजायच्या, फोटो निघायचे. चौकडी, रेघा, विद्यापीठाचा निळा टी-शर्ट, एकाचा तर लग्नातला कुर्ता. मी पार मिरवायला लागलो. खोटं कशाला बोलू, त्या कौतुकाने मी फुगलो होतो. पण मित्रांनो, ते सगळे तुकडे सुती होते. सुती कापड रात्रीचं दव पितं. सकाळी ऊन चढेपर्यंत मी ओल्या गोधडीसारखा जड असायचो आणि बारीक वारा आला तरी जागचा हलायचो नाही. दुपारी वाळलो की पुन्हा शहाण्यासारखा वागायचो. ही गोष्ट बरीच वर्षं माझ्याशिवाय कुणालाच कळली नाही.

शेवटचं ठिगळ अंतराचं. तिने एकटीने विमान उडवलं तेव्हा प्रीता आजारी होत्या. शिलाई मशीनवर बसवत नव्हतं. पडवीतल्या खुर्चीत उशीला टेकून त्यांनी मला मांडीवर घेतलं आणि हाताने, दुहेरी दोऱ्याने, अंतराच्या निळ्या चौकडीच्या शर्टाचा तुकडा शिवला. एकेका टाक्याला थांबत होत्या. त्या कामाला त्यांना चार दिवस लागले. मी पुन्हा खांबावर चढलो आणि तीन आठवड्यांनी त्या गेल्या.

त्यानंतर मला कुणी हात लावला नाही. अंतरा आता पिस्कॅटवे नावाच्या दूरच्या गावी नोकरी करत होती. स्वतःचं जुनं दोन माणसांचं विमान घेतलं होतं तिने. एकदा सकाळी ती उतरली आणि तडक माझ्या खांबाखाली येऊन उभी राहिली.

"बाबा, धिस इज राँग. वारा आहे, मला वर फील झाला. आणि हा हलतच नाहीये."

गुरुदत्त म्हणाले, दुपारी बघू. दुपारी बघितलं तर मी ताठ उभा. "बघ, काय झालंय त्याला?" असं म्हणून ते हसले. अंतराने नवा विंडसॉक मागवला. तो आला आणि हँगरमध्ये, म्हणजे विमानं ठेवायच्या शेडमध्ये, फळीखाली खोक्यातच राहिला. पुढच्या खेपेला तिने पुन्हा विषय काढला.

"बाबा, सकाळी हा दवाने ओला असतो, हेवी होतो. ते इन्स्ट्रुमेंट आहे, मेमोरियल नाही. आईचं दुसरं काहीही ठेव ना यार!"

"तुला आईला काढून टाकायची एवढी घाई झालीय का?" गुरुदत्त म्हणाले.

शब्द तोंडातून गेला तेव्हा त्यांचा स्वतःचाच चेहरा उतरला. पण परत घेतला नाही. अंतरा त्याच संध्याकाळी निघून गेली. पुढची दोन वर्षं ती फ्लाय-इनला आली नाही. दिवाळीला फोन व्हायचा, तोही तब्येतीपुरता. श्रीरंग समजावून थकले. आणि ज्याच्यावरून हे सगळं झालं तो मी, वर लोंबकळत, दोघांची वाट पाहत होतो.

यंदा फ्लाय-इनचं दहावं वर्ष. गुरुदत्तांनी नेहमीची लांब ईमेल सगळ्यांना पाठवली आणि अंतराला वेगळा मेसेज केला, "दहावं वर्ष आहे. येशील का?" दिवसभर उत्तर नव्हतं. संध्याकाळी ते माझ्या खांबाखाली बाकावर बसले असताना फोन वाजला. त्यांनी मेसेज दोनदा मोठ्याने वाचला, जणू मलाच ऐकवत होते. "येते. सगळ्यांच्या आधी येते. पोहे मी करते."

त्या माणसात जीव आला. गवत दोनदा कापलं. प्रीतांची कढई घासून घासून लख्ख केली. आणि शुक्रवारी ऊन उतरल्यावर फळीखालचं ते खोकं काढलं, शिडी लावली आणि ते माझ्यापर्यंत वर आले. मला वाटलं, आली वेळ. खरं सांगतो, मला बरं वाटलं. मी थकलो होतो, आणि सकाळच्या माझ्या खोटेपणाची मला लाज वाटत होती. त्यांनी कड्याला हात घातला. तेवढ्यात त्यांचा अंगठा निळ्या चौकडीवरच्या टाक्यांवर गेला. बराच वेळ तिथेच राहिला.

"रविवारी काढू," खाली उभ्या श्रीरंगना ते म्हणाले. "सगळे गेले की. अंतराच्याच हाताने काढू. प्रीताला एवढा शेवटचा फ्लाय-इन बघू दे."

श्रीरंग म्हणाले, "बरं." दुसरं काय म्हणणार होते?

शनिवारी सकाळी साडेसात. रात्री भरपूर दव पडलं होतं. आमच्याकडे वारा बहुतेक पश्चिमेचा असतो, म्हणून सगळे पूर्वेकडून येऊन पश्चिमेकडे तोंड करून उतरतात. त्या दिवशी मात्र पूर्वेचा वारा सुटला होता. जोराचा नव्हता, पण लागून राहिलेला होता. पलीकडच्या शेतात मक्याची पानं हलताना मला दिसत होती. गुरुदत्त हँगरच्या दारात रेडिओ घेऊन उभे होते. तिथल्या आडोशाला त्यांना वारा लागत नव्हता आणि मकाही दिसत नव्हता, मी तेवढा दिसत होतो.

रेडिओवर अंतराचा आवाज आला. "गुड मॉर्निंग, बाबा. दहा मैलांवर आहे. वारा काय म्हणतोय?"

दोन वर्षांनी तिने असं हाक मारून विचारलं होतं. गुरुदत्तांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं. मित्रांनो, मी जीव तोडून उठायचा प्रयत्न केला. वारा माझ्या तोंडात शिरत होता, पण इतक्या वर्षांचे ओले शर्ट मला खाली ओढत होते. शेपटीचं टोक जेमतेम थरथरलं.

"वारा नाहीच आज," गुरुदत्त म्हणाले. "सरळ ये, नेहमीसारखी."

तिला मी आठवलो असणार. विचारावं का, असं तिच्या मनात आलं असणार. पण त्याच प्रश्नावरून दोन वर्षं गेली होती.

"ओके. तू सांगतोयस ना, मग येते."

ती आली. चाकं गवताला टेकली तीच फार पुढे. वारा पाठीमागून ढकलत होता, ओल्या गवतावर ब्रेक लागेना. हँगरसमोरून ती अशी वेगाने गेली की गुरुदत्तांनी स्वागताला वर केलेला हात तसाच राहिला. पट्टीच्या टोकाला रस्त्यालगत पाण्याचा चर आहे. विमान नाकावर त्यात गेलं. आवाज फार मोठा झाला नाही. गुरुदत्त मात्र पळता पळता तिचं नाव घेऊन असे ओरडत होते की शेजाऱ्याच्या गाईसुद्धा उठून उभ्या राहिल्या.

ती वाचली. ॲम्ब्युलन्समध्ये चढवताना बापाचा हात धरून "आय ॲम ओके, आय ॲम ओके" म्हणत होती. पण डाव्या पायाचा पार चुरा झाला होता. तीन ऑपरेशनं झाली. काठी घेऊन चालेल, म्हणाले डॉक्टर. विमानाचं पेडल त्या पायाने दाबता येणार नाही.

मागे श्रीरंग एकटे राहिले. आकाशात एकामागून एक विमानं यायला लागली होती. ते रेडिओवर प्रत्येकाला सांगत होते, पट्टी बंद आहे, उतरू नका, परत जा. प्रत्येक विमान वरून एक चक्कर मारायचं, चर पाहायचं, पंख हलवायचं आणि वळून जायचं. मी एकवीस मोजली. पोह्यांची कढई रिकामीच राहिली.

आणि दुपारी काय झालं ठाऊक आहे? मी वाळलो. छान उठून उभा राहिलो आणि त्या मोडक्या विमानाकडे शेपटी करून वारा पूर्वेचा आहे असं डौलाने दाखवू लागलो. चौकशीला आलेल्या माणसाने वर पाहून लिहून घेतलं, "विंडसॉक व्यवस्थित." संध्याकाळी गुरुदत्त हॉस्पिटलमधून कपडे न्यायला आले तेव्हा त्यांनी त्या माणसाला फोन केला आणि खरं ते सांगितलं. "सकाळी तो ओला असतो. मला माहीत होतं. माझ्या मुलीने सांगितलं होतं मला."

एवढी लाज मला उभ्या आयुष्यात कधी वाटली नव्हती.

ऑक्टोबरच्या एका सकाळी अंतरा आली, कुबड्या घेऊन. श्रीरंगनी मला उतरवलं. तिने मला मांडीवर घेतलं, त्याच पडवीत, आणि लहान कात्रीने एकेक टाका उसवायला लागली. सगळ्यांची नावं वाचत होती. आधी पोरांचे तुकडे निघाले, मग बाबांचा. निळ्या चौकडीला तिने सगळ्यांत शेवटी हात घातला. तिथे मात्र दोरा कापला नाही. सुईने सोडवून घेतला, अख्खा, आणि बोटाभोवती गुंडाळून खिशात ठेवला.

मग मी उरलो तो उडालेल्या रंगाचा, भोकाभोकांचा, जन्मलो होतो तितकाच हलका. ती एका कुबडीवर उभी राहिली आणि दुसऱ्या हाताने माझं कडं वर धरलं. वारा जवळजवळ नव्हताच. तरी मी उचललो गेलो. भोकांतून वारा गळत होता, पण उचललो आणि दिशा दाखवली.

गुरुदत्त हँगरच्या दारात उभे होते. ते दोन पावलं पुढे आले.

"एवढ्याशा वाऱ्याला उठतो हा?" त्यांनी विचारलं.

"हो, बाबा."

ते तिथेच गवतात बसले आणि लहान मुलासारखे रडले. अंतरा हळूहळू चालत त्यांच्यापाशी गेली. खाली बसता येत नव्हतं, म्हणून नुसती त्यांच्या डोक्यावर हात ठेवून उभी राहिली. मी तिच्या दुसऱ्या हातात लोंबत होतो.

आता खांबावर नवा विंडसॉक आहे. मी त्याच्याच रिकाम्या खोक्यात, फळीखाली आहे. पुढच्या सप्टेंबरात फ्लाय-इन होईल की नाही, कुणी बोलत नाही.

मित्रांनो, जुन्या वस्तू तुमच्याकडे नेहमी एकच मागणं मागतात, आम्हाला टाकू नका. माझं मागणं वेगळं आहे. आमच्यावर प्रेम करा, ठिगळं लावा, पण आमचं काम आमच्याने होत नाहीसं झालं की आम्हाला उतरवा. रविवारपर्यंत थांबू नका. शुक्रवारी शिडी लावली असेल, हात कड्यापर्यंत पोचला असेल, तर त्याच दिवशी उतरवा.