दिवसाला दहा माणसं

खुटबावच्या गुऱ्हाळावरचा एक जुना कॅल्क्युलेटर, तो मी. मित्रांनो, माझं आठाचं बटण गुळानं चिकटतं. जोरात दाबलं तरच आठ उमटतो.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते मला ठाऊक नाही. दौंडच्या स्टेशनजवळच्या दुकानातून मला गोकुळआप्पांनी आणलं. आप्पा गुळव्या. उकळत्या रसाचे बुडबुडे बघून ते काहिल कधी उतरवायची ते सांगत. हिशेबाला मात्र त्यांना मी लागे. एका आधणाच्या, म्हणजे एका काहिलीच्या, इतक्या ढेपा, दिवसाची इतकी आधणं, महिन्याचे इतके दिवस. गुणायचं, की झालं.

"ह्यो कवाच चुकत न्हाई," ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत.

पुढे सगळ्यांच्या हातात मोबाईल आले. आप्पांची बोटं रसानं इतकी भाजलेली, की मोबाईलच्या काचेला ती कळतच नसत. म्हणून मी राहिलो. खिळ्याला टांगलेल्या पिशवीत, पण राहिलो.

मग त्यांची लेक समृद्धी म्हणाली, पुण्याला जाऊन मानसशास्त्रात एम.ए. करायचंय. दोन वर्षांची फी आणि राहणं धरून चार लाख. बँक कर्ज देत होती. आप्पांनी मला पिशवीतून काढलं. एका माणसाशी बोलायचे किती घेतात, त्यांनी विचारलं. तीनशे, ती म्हणाली. आणि दिवसाला माणसं किती?

समृद्धी थांबली. तिला काय ठाऊक? तिला जायचं होतं.

"दहा."

१० × ३०० × २६ = ७८,०००

आप्पांनी आकडा दोनदा मोठ्यानं वाचला. आधणाच्या ढेपा ठरलेल्या असतात, तशी माणसंही ठरलेली असतील, असं त्यांनी धरलं. मित्रांनो, गुणाकार बरोबर होता.

ती शिकली. पहिल्या वर्गात पास झाली.

वरवंडला हायवेच्या कडेला समुपदेशनासाठी खोली घेतली. आप्पांनी मला हळद-कुंकू लावून तिच्या टेबलावर ठेवलं.

पाटी.
दोन खुर्च्या.
पाण्याचा तांब्या.
मी.

एक बाई तीन वेळा आली आणि तिन्ही वेळा शेजारच्या खताच्या दुकानात शिरून परत गेली. दुकानदार विनोद म्हणाला, "ताई, पाटी मागच्या अंगाला लावा. हितं शिरताना दिसलं की लोक येड्यात काढत्यात. आता माझ्या गिऱ्हाइकालाबी इचारतात, नक्की खतच आणलं ना म्हणून."

समृद्धी हसली. विनोद गेल्यावर तिने पाटीवरची धूळ पुसली.

शाळांमध्ये विचारून झालं. आठवड्याला एक तास घ्या, मानधनाचं नंतर बघू, असं उत्तर मिळालं. बँकेचा हप्ता मात्र नंतर बघू म्हणत नव्हता.

महिनाअखेर आप्पा आले. त्या महिन्यात चार माणसं आली होती. दिवसाला नव्हे, महिन्यात. समृद्धीने माझ्यावर बोटं ठेवली. आधी आलेले पैसे, मग खोलीचं भाडं, मग हप्ता.

१,२०० − ३,५०० − ८,३०० = −१०,६००

गुऱ्हाळावर आम्ही कधी इतकं खाली उतरलो नव्हतो. आप्पांना आकड्याच्या आधी एक आडवी रेघ दिसली. गुळाचा डाग असेल म्हणून त्यांनी ती उपरण्यानं पुसली. मग अंगठा ओला करून पुसली.

"डाग न्हाई, आप्पा," समृद्धी म्हणाली. "तेवढं आपल्यालाच घालायचंय."

येणाऱ्या माणसाची जी खुर्ची होती, तिच्यावर आप्पा बसले.

"धा माणसं मीच सांगितली व्हती," ती म्हणाली.

"आन् गुणलं कुणी?"

मग तिने रांजणगावच्या एका कंपनीचं सांगितलं. पॅकिंगचं काम, पाळ्यांमध्ये. मुलींबरोबर खोली करून राहता येईल. पुन्हा माझ्यावर बोटं पडली: पगार, मग हप्ता, मग खोलीचा वाटा.

१६,५०० − ८,३०० − ३,००० = ५,२००

रेघ नव्हती. माझ्या उभ्या आयुष्यात इतकं बरोबर उत्तर देऊन मला इतकं वाईट कधी वाटलं नाही. आप्पांनी ते वाचलं नाही, मोठ्यानं तर नाहीच. पाटी तिने स्वतः उतरवली.

मी परत गुऱ्हाळावर आलो.

परवा धुरपदा नावाची एक बाई वरवंडहून विचारत विचारत आली. त्या चौघांतली एक. मुलगा गेल्यापासून तिला झोप नाही. ताई हायत का, तिने विचारलं.

"कंपनीत असती," आप्पा म्हणाले. "रविवारी येती."

"रविवार लई लांब हाय," ती म्हणाली. तरी थोडा वेळ उभी राहिली. आप्पांनी तिला ताजा गूळ दिला. त्यांच्याकडे तेवढंच होतं.

मित्रांनो, मला जपा असं मी म्हणणार नाही. माझं बटण चिकटलं तर चिकटू द्या. पण तुमच्या गावात कुणी मन समजून घ्यायचं शिकून येईल, खोली उघडून बसेल. तुमच्या घरात कुणी झोपत नसेल, तर त्याचा हात धरून तिथे घेऊन जा. हायवेकडच्या दारानं. आणि शेजाऱ्यांनी विचारलं, कुठं निघालात, तर खरं सांगा.