अकरावा फोटो

अकरा वाजून दहा मिनिटांनी मोबाईलवर निरोप आला आणि भाकरीचं पीठ माझ्या हातावरच वाळलं.

‘तुमच्या पोस्टना मतं देणारे अकराही अकाउंट एकाच मोबाईलवरून चालतात. ही खरी माणसं आहेत का? आज संध्याकाळी सहापर्यंत प्रत्येकाचा फोटो पाठवा. हातात कागद, त्यावर अकाउंटचं नाव आणि आजची तारीख. नाहीतर तुमचं अकाउंट सगळ्या पोस्टसकट बंद होईल.’

निरोप ‘मोहोळ’चा होता, मी ज्या अ‍ॅपवर लिहायचे त्याचा. तिथे लिहायचं, लोकांनी मतं दिली की गुण मिळतात आणि गुणांचे पुढे पैसे होतात. पहिला महिना नावापुढे ‘नवीन’ अशी हिरवी पट्टी असते. माझी पट्टी निघायला चार दिवस उरले होते. मी शेतातल्या तणांवर लिहायचे. केना, कुर्डू, घोळ, लव्हाळा. एकतीस पोस्ट झाल्या होत्या. वाशीमचे कोणी निवृत्त मास्तर मला ‘वैष्णवी मॅडम’ म्हणून प्रश्न विचारायचे. आमच्या केनवड गावात मला आजवर ‘गॅस बंद केला काय?’ याखेरीज कोणी काही विचारलं नव्हतं. त्या मॅडमपणाचा मला मोह झाला होता, खोटं कशाला बोलू?

हा सगळा घोळ जगदेवकाकाचा. काका म्हणजे माझ्या बाबांचा धाकटा भाऊ. गावात कोणाचंही लग्न असो, आहेराची वही याच्याच मांडीवर. कोणी काय दिलं आणि त्याला परत काय द्यायचं, हे याला तोंडपाठ. पोरीनं नवं काम काढलं तर आपल्या माणसांनी हात लावायला नको का, म्हणून त्यानं मोईनच्या मोबाईल दुकानात बसून अकरा जणांचे अकाउंट आपल्या एका फोनवर उघडले. रोज संध्याकाळी सगळ्यांच्या वतीनं अकरा मतं द्यायची आणि खाली अकरा वेळा ‘लय भारी’ लिहायचं. मीही आहेर अंगावर ठेवला नाही. काकानं त्या अकाउंटवर टाकलेल्या बैलांच्या फोटोंना मी इमानेइतबारे परत मतं दिली. आम्हाला वाटलं, हीच रीत. तिकडे या रीतीला टोळी म्हणतात.

“काका, सहापर्यंत अकरा फोटो पाह्यजेत,” मी ओरडलेच.

“मंग रडून काहून राह्यली? मानसं काय उसनी आनली हायेत? बस गाडीवर.”

दुपारभर आम्ही गावात फिरलो. मोईननं गिऱ्हाईक थांबवून फोटो दिला. हरीओमनं आधी भांग पाडला, त्यात दहा मिनिटं गेली. सेवालाल मालेगावच्या बाजारात होता. त्यानं एसटीला टेकून, पिशवीच्या कागदावर नाव लिहून फोटो पाठवला. तारीख कालची टाकली म्हणून त्याला परत काढायला लावला. साडेचारला नऊ फोटो झाले होते. उरल्या लिलाबाई आणि रंगूबाई. दोघी आमच्याच सोयाबीनमध्ये निंदणीला, तण काढायला गेल्या होत्या.

लिलाबाईनं पदर सावरून चटकन फोटो दिला. रंगूबाई काही खुरपं खाली ठेवेना.

“फोटो कायचा?”

“तुमी खऱ्या हाय का ते इचारून राह्यले,” काका म्हणाला.

“म्या खरी हाये का ते पाहाले कागद कायले लागते?” रंगूबाईनं माझ्याकडे बघितलं. “वैशू, तू त्या फोनात काय लिहितं व? आदी वाचून दाखव.”

पाच वाजून दहा मिनिटं झाली होती. तरी मी फोन पाठीमागे लपवला.

कारण रंगूबाई वीस वर्षं आमच्या शेतात तण काढतेय. मी तिच्या मागे मागे ओळीतून चालायचे, ती बोलायची, मी रात्री टाईप करायचे. माहिती तिची, मांडणी माझी, असं मी मनाशी म्हणायचे. खरं तर मांडणीही तिचीच होती. मी फक्त तिच्या ‘हाये’चं ‘आहे’ केलं होतं.

“वाच,” ती म्हणाली.

मी वाचलं. “लव्हाळा कधी उपटू नये. खालची गाठ जमिनीत राहते आणि एकाचे सात होतात. तो खोलवर उकरूनच काढावा. आणि केना उपटून बांधावर फेकू नये, तो तिथेच मूळ धरतो.”

“हे तं म्या सांगतलं तुले.”

“हो.”

“मंग माह्यं नाव कुठी हाये?”

लिलाबाई खाली मान घालून एकाच जागी खुरपं चालवत राहिली.

“पोरी, म्या काय पैसे मांगून राह्यली काय? नाव इचारलं.” तिचा आवाज चढला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं, मला भांडता तरी आलं असतं.

काकानं मला बाजूला ओढलं. “साडेपाच झाले. हिच्या नादी नको लागू. लिलाबाईले परत उभी करतो. पदर पुढं वढला तं कोनाले कळते?”

मी हो म्हणणार होते. अगदी ओठावर आलं होतं. त्या मास्तरांचं ‘मॅडम’ कानात वाजत होतं आणि रंगूबाईचा मला खरंच राग आला होता. आजच, याच वेळेला हिला नाव आठवावं? मग लक्षात आलं, हिला आज आठवलं. मला तर एकतीस वेळा आठवलं होतं आणि एकतीस वेळा मी ते दाबलं होतं.

मी सोबतच्या वहीचं पान फाडलं. “रंगूबाई, काय लिहू?”

“तुह्याच हातानं लिही. पन माह्यं लिही.”

तिनं सांगितलं, मी लिहिलं. अकाउंटचं नाव, तारीख आणि खाली मोठ्या अक्षरात: ‘लव्हाळ्याचं म्या सांगतलं. समदं तणाचं म्याच सांगतलं. रंगूबाई.’

दुसऱ्याचं आपलं म्हणून टाकलं तर अकाउंट बंद, हा ‘मोहोळ’चा पहिला नियम. मला तो पाठ होता. तरी फोटो काढला. रंगूबाईनं कागद छातीशी धरला होता आणि खुरपं दुसऱ्या हातात तसंच होतं.

शेतात रेंज नसते. मी फोन वर धरून बांधावरच्या बाभळीपर्यंत पळाले. पाच चोपन्नला अकरावा फोटो गेला.

सव्वासहाला उत्तर आलं. ‘अकराही माणसं खरी आहेत, हे मान्य. आता एकच प्रश्न. तणांच्या पोस्ट कोणाच्या? तुमच्या की फोटोतल्या बाईंच्या?’

काका माझ्या खांद्यावरून वाचत होता. “दोघींच्या म्हन. अर्ध्याअर्ध्या.”

मी लिहिलं, ‘त्यांच्या.’

पाठवलं आणि तिथेच बांधावर बसून रडले. नऊ वाजेपर्यंत माझं अकाउंट गेलं. वैष्णवी मॅडमही गेल्या. त्या एकतीस पोस्ट मात्र ‘मोहोळ’वाल्यांनी रंगूबाईच्या अकाउंटवर हलवल्या. तिच्या नावापुढे हिरवी पट्टी होती, नवीन.

दुसऱ्या दिवशी मी शेतात गेले ते बांधावरच थांबले. ओळीत उतरायची हिंमत होईना. रंगूबाईनं एक रोप मुळासकट उकरलं, माती झटकली आणि माझ्याकडे धरलं.

“हे नाई लिहिलं तू आजून. ये इकडं.”

मी जवळ गेले, फोन काढला.

“आदी माह्यं नाव लिही,” ती म्हणाली. “मंग याचं सांगतो.”