हॅनाच्या अर्जात न लिहिलेलं नाव

मित्रांनो, मी एक जुना अर्ज आहे. व्हर्जिनियातल्या एका कोर्टाच्या रेकॉर्ड रूममध्ये, पुठ्ठ्याच्या खोक्यात पडून असतो. अमेरिकेवर इंग्रजांच्या राजाचं राज्य होतं तेव्हा चिंध्या कुटून माझा कागद झाला.

माझ्यावर शाई उतरली ती हॅनासाठी. ती एका मळेवाल्याची गुलाम होती. पण तिच्या आईची आई विलायतेहून करारावर आलेली गोरी मोलकरीण, म्हणजे जन्माने स्वतंत्र. आई स्वतंत्र तर लेकरू स्वतंत्र, असा तिथला कायदा. त्याच आधारावर हॅनाने मालकावर दावा लावला. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात. पण हॅनाला सहा वर्षांची मुलगी होती. आई सुटली तर तीही सुटणार होती.

वकिलाने मला भराभर लिहिलं. हॅनाला वाचता येत नव्हतं. तिने खाली सहीच्या जागी फुली मारली आणि विचारलं, "पोरीचं नाव घातलंत ना, साहेब?"

वकिलाने 'हो' म्हणून मान हलवली. पण माझ्यावर नुसतं लिहिलं होतं, 'हॅना आणि तिचं मूल'.

तीन वर्षांनी निकाल लागला. हॅना सुटली. पण तोवर मालकाने मुलीला नदीपलीकडे भावाच्या मळ्यावर धाडलं होतं. कोर्टाचा माणूस हुकूम घेऊन तिथे गेला. भाऊ म्हणाला, "इथे वीस पोरं आहेत. यातलं कोणतं?" हुकूम माझ्यावरूनच उतरवलेला, त्यात नाव नव्हतं. माणूस हात हलवत परतला. हॅना कचेरीत येऊन नाव सांगत राहिली म्हणे. पण हुकुमात नाही ते कुणी ऐकेना. मी तेव्हा कपाटात, जुडग्यात बांधलेला. मुलीला पुढे दक्षिणेत विकून टाकलं.

मग दोनशे वर्षं मी धूळ खाल्ली. माझ्याच शाईतल्या आम्लाने मला जागोजागी कुरतडलं. एकदा प्रदर्शनात मला काचेखाली मांडलं आणि शेजारी पाटी लावली, 'न्यायाचा विजय'. शाळेतली मुलं टाळ्या वाजवून गेली. मला फार लाज वाटली.

आता दर शनिवारी मैत्री नावाची एक मराठी मुलगी येते. आठवडाभर इथल्याच हर्नडन गावी आयटीत काम करते आणि सुट्टीत आम्हा जुन्या कागदांची अक्षरं लावून कॉम्प्युटरवर उतरवते. परवा तिची आई, गिरजाबाई, सोबत होत्या. नागपूरला वस्तीतल्या बायकांचे अर्ज त्या लिहून द्यायच्या. मैत्रीने मला मराठीत करून त्यांना वाचून दाखवलं.

"पोरीचं नाव काय गं?" गिरजाबाईंनी विचारलं.

"मेन्शनच नाहीये, आई. मी 'अननोन' टाइप केलंय."

"म्हणजे?"

"माहीत नाही."

"असं कसं? तिच्या मायला माहीत होतं ना! 'लिहून घेतलं नाही' असं लिही."

मैत्रीने 'अननोन' खोडलं आणि आई म्हणाली तसं लिहिलं. अडीचशे वर्षांत माझ्याबद्दल कुणी पहिल्यांदा खरं बोललं होतं.

मित्रांनो, कधी कुणाचा अर्ज लिहून द्याल, तर सही-अंगठा घेण्याआधी तो त्याला एकदा मोठ्याने वाचून दाखवा. लागतो किती वेळ? हॅनाच्या फुलीच्या वर चार बोटं जागा कोरी होती. ती अजून कोरीच आहे.