सावकाश जाणारी

मी एक विजेवर चालणारी स्कूटर. 'चालणारी' हे आता नुसतं सवयीने म्हणते; सध्या मी एका तंत्रशाळेच्या कार्यशाळेत टेबलावर आहे आणि माझी दोन्ही चाकं अधांतरी आहेत. पुढे जे सांगणार आहे ते जसंच्या तसं आठवतंय, असं छातीवर हात ठेवून म्हणायची माझी तयारी नाही. एक तर मला छाती नाही, आणि बॅटरी निकामी होऊनही बराच काळ लोटला. मला विकत घेतलं त्या दिवशी बाहेर ऊन होतं की आभाळ, इथेच माझं मन डगमगतं. पण माणसं काय बोलली ते आठवतं. गाडीसमोर माणसं फार मोकळेपणी बोलतात.

माझा जन्म पत्र्याच्या एका लांबलचक शेडमध्ये झाला. पुढे बहीण, मागे बहीण, सगळ्या एकाच तोंडवळ्याच्या. फरक पोटात. काहींची मोटर दणकट, काहींची लहान. मी लहान मोटरवाली, कमी वेगाची, खिशाला झेपणारी.

मला निवडलं ते एका निवृत्त प्राध्यापकांनी. जन्मभर संख्याशास्त्र शिकवलेला हा माणूस घराला कुलूप लावल्यावर ते ओढून बघायचा, आणि जिना उतरल्यावर पुन्हा वर जाऊन ओढून बघायचा. लेकीला कामावर जायला, एरवीही हिंडायला-फिरायला गाडी हवी होती. ती केस कापायची. नदीपलीकडच्या सलूनमध्ये तिची स्वतःची खुर्ची होती. तिथवर पोचायला तिला बरीच वर्षं दुसऱ्यांचे कापलेले केस झाडावे लागले होते. सकाळचं पहिलं गिऱ्हाईक यायच्या आत ती हजर नसेल, तर त्या खुर्चीवर डोळा ठेवून असलेल्या मुली काही कमी नव्हत्या.

"बाबांनी आयुष्यभर डोकी तपासली," ती विक्रेत्याला म्हणाली, "मीही डोकीच बघते. फक्त माझ्याकडून माणसं हसत बाहेर पडतात."

प्राध्यापक हसले नाहीत. माझ्या शेजारच्या दणकट बहिणीकडे ते असे बघत होते, जणू ती आत्ताच कुणाला तरी उडवून आली आहे.

"ही कशी आहे?"

"एक नंबर, काका. पूल असो, चढ असो, पळतच जाते."

"आणि ही?" त्यांनी माझ्या सीटवर हात ठेवला.

विक्रेता थोडा अडखळला. "ही... ही सावकाश जाते."

त्या एका शब्दावर मी विकली गेले. त्यांच्या घरात कुणी दाराबाहेर पाऊल टाकलं की मागून 'सावकाश जा' ऐकू येत असे. त्यांच्या आईने त्यांना म्हटलं, त्यांनी लेकीला म्हटलं. सावकाश म्हणजे सांभाळून, सावकाश म्हणजे हातीपायी धड परत. त्याचा अर्थ हळू असाही होतो, आणि हे दोन अर्थ प्रत्येक रस्त्यावर एकत्र नांदत नाहीत, हे एवढ्या शिकलेल्या माणसाच्या मनात त्या क्षणी आलंच नाही.

लेकीच्या मात्र आलं. "बाबा, मला रोज पूल चढायचाय. मागून बस येत असते. तिच्यापुढे रांगत जाऊ का?"

"वेग वाढला की धोका वाढतो. हे मी म्हणत नाही, आकडे म्हणतात."

"आकड्यांना पूल चढावा लागत नाही."

"पाच मिनिटं उशीर झाला तर आभाळ कोसळत नाही."

"आभाळ नाही, खुर्ची जाते."

मग तिने त्यांच्या चेहऱ्याकडे नीट पाहिलं. डोळे तांबारलेले होते. गाडी घ्यायचं ठरल्यापासून त्यांचा डोळ्याला डोळा लागला नव्हता. तिचा आवाज उतरला. "बरं, हीच घेऊ. निदान तुम्हाला झोप तरी लागेल."

सुरुवातीचे दिवस बरे गेले. संध्याकाळी प्राध्यापक गॅलरीतून वायर खाली सोडायचे, मला चार्जिंगला लावायचे आणि दर थोड्या वेळाने खाली येऊन प्लग तापलाय का ते हात लावून बघायचे. त्यांची बायको वरून म्हणायची, "अहो, गाडी आहे ती, बाळंतीण नव्हे. सारखा काय हात लावून ताप बघताय?" मी आवाज करत नाही याचंही तिला नवल. "आली कळत नाही, गेली कळत नाही. मांजरच पाळल्यासारखं झालंय."

सपाट रस्त्यावर माझं काही अडत नसे. बाजार, दवाखाना, बँक, सगळीकडे मी निमूट जायची. पण पुलाचा चढ लागला की माझा जीव मेटाकुटीला यायचा. मागे कात्र्या, यंत्रं, बाटल्या यांनी भरलेली तिची बॅग, आणि ती स्वतः पुढे झुकलेली, जणू मला छातीने ढकलते आहे. "चल गं बाई, चल," एवढंच म्हणत राहायची. बाजूला सरकावं तर कठडा, आणि मागे हॉर्न. एकदा एक मोटारसायकलवाला अगदी कानाशी येऊन म्हणाला, "ताई, उतरून चालत जा, लवकर पोचाल." ती हसली. पण हँडलवरचे तिचे तळवे ओले होते, ते मलाच ठाऊक.

घरी तिने दोन-चारदा सांगून पाहिलं. प्राध्यापक पांढरे पडले. गाडी बदलू म्हणाले. मग पुन्हा माहिती काढायला बसले. कुठली बॅटरी पेट घेत नाही, कुठला ब्रेक ओल्यात घसरत नाही, कुठली गाडी चढते पण फार पळत नाही. जितकं वाचावं तितका निर्णय लांबत गेला. "नव्या गाड्या यायच्यात, त्यांचे आकडे हाती येऊ देत," ते म्हणत. शेवटी तिने सांगणं सोडलं.

ती सकाळ स्वच्छ होती. पाऊस नाही, धुकं नाही. आम्ही चढाच्या मध्यावर होतो. मागून आलेली बस आम्हाला वळसा घालून पुढे निघून गेली आणि तिच्यामागून वेगात आलेल्या टेम्पोवाल्याला आम्ही एकदम समोर दिसलो. त्याने ब्रेक दाबला. चाकं किंचाळलेली मी ऐकली. तरी त्याचा धक्का लागलाच. लेक कठड्यावर आदळली, आणि मी तिच्या गुडघ्यावर पडले. मीच. टेम्पो नव्हे.

पंचनाम्यानंतर मला पोलीस चौकीच्या आवारात ठेवलं होतं. प्राध्यापक तिथे आले आणि हवालदाराला पुन्हा पुन्हा सांगू लागले, "माझी मुलगी वेगात नव्हती हो. ही गाडी वेगात जाऊच शकत नाही. मी मुद्दाम तशीच घेतली."

"तेच तर ना, काका," हवालदार लिहिता लिहिता म्हणाला. आवाजात टोमणा नव्हता. "त्या पुलावर एवढ्या हळू चालवतं का कुणी?"

प्राध्यापक माझ्या फुटलेल्या आरशावर हात ठेवून उभे राहिले.

मला दुरुस्त करून आणलं, आणि एका रविवारी घरात कुणाला न सांगता ते स्वतः माझ्यावर बसले. तेवढंच वजन व्हावं म्हणून लेकीची बॅग मागे घेतली. चढ लागला. मागे हॉर्न सुरू झाले. त्यांनी मूठ पूर्ण पिळली, आणखी पिळली. मी काय करणार? एक बस इतकी जवळून गेली की त्यांचा सदरा तिच्याकडे ओढला गेला. वर पोचल्यावर ते उतरले. मला तसंच हाताने ढकलत त्यांनी घरी आणलं.

लेकीचा गुडघा वाकत नव्हता. दिवसभर उभं राहणं संपलं होतं आणि सलूनमधली खुर्ची दुसरीला गेली होती. ती खाली अंगणात स्टुलावर बसली होती. ते तिच्यापुढे पायरीवर बसले.

"पुलावर जाऊन आलो. तू सांगत होतीस ते खरं होतं."

ती त्यांच्या मानेकडे बघत राहिली. "केस किती वाढलेत तुमचे. कात्री द्या इकडे." आणि थोड्या वेळाने, "मान खाली घाला, बाबा. हलू नका."

पण माणसाचं मन अशा जागी टिकत नाही. हळूहळू ते म्हणू लागले की गाडीतच काही दोष असेल. चाक घासत असेल, मोटर कमी ओढत असेल. चांगली गाडी इतकी मंद कशी? ज्याला त्याला हेच विचारायचे. खरं सांगते, मलाही तसंच वाटू लागलं, वाटावंसं वाटू लागलं. खोट माझ्यात निघाली असती तर त्या घरातल्या दोन माणसांची सुटका झाली असती. मला काय, भंगारात जायचंच होतं. पण उत्तर मिळायच्या आधीच प्राध्यापक गेले. मी जिन्याखाली गंजत राहिले.

कधी गाडी घ्यायला गेलात, तर आधी तिला जायचा रस्ता बघून या, आणि जी चालवणार आहे तिचं ऐका. याहून जास्त सांगायची माझी पात्रता नाही.

लेकीने मला या तंत्रशाळेला देऊन टाकलं, त्यालाही आता काही वर्षं झाली. "एकदा उघडून बघाल का," एवढंच तिने इथल्या शिक्षकांना सांगितलं होतं. परवा त्यांनी माझी मोटर, चाकं, ब्रेक, सगळं सुटं करून तपासलं, नवी बॅटरी जोडून चढाचा भार देऊन फिरवून पाहिलं, आणि तिला फोन लावला. कुठेही काही घासत नव्हतं, मोटर पुरेपूर ओढत होती. माझ्यात कसलाही दोष नव्हता. चढावर, एक माणूस आणि एक बॅग घेऊन, मी तेवढीच जाते.