राणी हो म्हणेल का?

परतूरच्या त्या आळीतल्या बायकांनी हेमकला राणीसाठी जेवढी टिपं गाळली, तेवढी सख्ख्या नणंदेसाठीही गाळली नसतील. पुण्याहून दर महिन्याला एक मासिक यायचं, त्यात या राणीची गोष्ट क्रमशः छापली जायची. बोलणारा पोपट, तळ्याखालचा महाल, मंतरलेली अंगठी, सगळा मालमसाला होता. आळीत वाचता येणारी बाई एकच, तहसील कचेरीतल्या मुकुंद कारकुनाची बायको अरुंधती. ती मोठ्यानं वाचायची, बाकीच्या हातातलं काम करत ऐकायच्या. वाचून झालं की खरी मजा. राणी अशी का वागली, राजानं तसं करायला नको होतं, लिहिणाऱ्याला काही अक्कल आहे की नाही! या भांडणात शेवटचा शब्द अरुंधतीचा. ‘आता तूच सांग,’ म्हणत बायका तिच्या तोंडाकडे बघत राहायच्या. लग्नाला सात वर्षं होऊन कूस न उजवलेल्या बाईकडे एरवी कोण असं बघतं? तेवढा एक तास ती त्या घरात कुणीतरी होती.

बाकीचा दिवस सासूचा. दुर्गाबाईंनी दिवाळीपासून एकच धोशा लावला होता, मुकुंदाचं दुसरं लग्न. निजामाविरुद्धच्या पोलीस अ‍ॅक्शनला चार-पाच वर्षं झाली होती आणि दिल्लीत दोन बायका करण्याविरुद्ध कायदा व्हायच्या बेतात आहे, ही बातमी मुकुंदानंच कचेरीतून आणली होती. म्हणून घाई. घनसावंगीकडची मुलगीही बघून ठेवली होती. घोडं अडलं होतं मुलीच्या बापाच्या अटीपाशी. थोरलीनं चार बायकांदेखत, आपल्या तोंडानं, राजीखुशीनं हो म्हटलं पाहिजे. आपली पोर सवतीच्या तळतळाटात नांदायला नको. अरुंधती काही हो म्हणेना. उपाशी ठेवून झालं, माहेरी धाडायची धमकी देऊन झाली. पाच महिने बाई तोंड मिटून राहिली होती.

चैत्रातल्या एका दुपारी शेवया करायला गोजरबाई आणि उषाबाई या शेजारणी आल्या होत्या. शिवाय दुर्गाबाईंच्या लांबच्या नात्यातल्या म्हणून कुणी रमाबाई होत्या. नवा अंक आला होता. अरुंधती वाचायला बसली.

राजा कमरेपर्यंत दगडाचा झाला होता. तळ्यातली यक्षीण त्याला सोडवायला तयार होती, पण राजानं तिच्याशी लग्न करावं आणि राणीनं स्वतः तिला हाताला धरून महालात आणावं, अशी तिची अट. इथं अरुंधतीचा आवाज जरा अडखळला. राणी तळ्याच्या काठाशी येऊन उभी राहिली आणि प्रकरण संपलं.

“आणणार न्हाई ती,” दुर्गाबाई म्हणाल्या. दोन वर्षं ही बाई गोष्टीच्या वेळी भिंतीला टेकून पेंगत आली होती. आज मात्र टक्क जागी.

“असं कसं? सहा महिने जंगलात फिरली की नवऱ्यासाठी,” गोजरबाई म्हणाली.

“नवऱ्यासाठी कशाची? सिंहासनासाठी. मुळात बाई हलक्या मनाची. लिहिणारानं उगंच मोठी करून ठेवली. नवरा दगड झाला तर होऊ द्या, पर वाटेकरीण नको!”

अरुंधती गप्पच बसणार होती. पण राणी तिची होती. दोन वर्षं तिनं राणीचं एकेक पाऊल या बायकांना उलगडून दाखवलं होतं, आणि आज ज्या बाईला गोष्टीतलं ओ की ठो कळत नव्हतं ती राणीला हलकी म्हणत होती. तिला ते फार झोंबलं.

“बिलकुल न्हाई, आत्याबाई,” ती म्हणाली. “तुम्हाला राणी कळलीच न्हाई. पोपटाला तिनं स्वतःचं निम्मं आयुष्य देऊन टाकलं, इसरल्या का? स्वतःसाठी तिनं कधी काय मागितलं? ती आणणार. आणि रडत न्हाई, हसत आणणार. न्हाई आणलं तर आजवरची सगळी गोष्टच खोटी पडती.”

“बोलायला काय जातंय? तू असतीस तिच्या जागी, तर आणली असतीस?”

“आणली असती!” बोलण्याच्या भरात अरुंधती म्हणून गेली. “मीच हाताला धरून आणली असती.”

शेवया ओढणारे हात थांबले.

“ऐकलं का, रमाबाई?” दुर्गाबाईंनी विचारलं.

“बराबर ऐकलं,” रमाबाई म्हणाल्या. “दिराला सांगते माझ्या. पोरीचा बाप तोच.”

 चार बायका. अरुंधतीनं डोळ्यांनीच मोजल्या.

“मी राणीचं बोलून राह्यले व्हते!”

“कोणती राणी? राणी कुठंय इथं?” दुर्गाबाई हसल्या. “कागदावरची बाई ती.”

अरुंधतीनं गोजरबाईकडे पाहिलं. राणी जंगलात हरवली तेव्हा हीच गोजरबाई दोन दिवस जेवली नव्हती. गोजरबाईनं कणकेचा गोळा उगाचच मळला आणि म्हणाली, “आता तू बोललीस ते बोललीस, बाई. आम्ही खोटं कसं सांगावं?”

“तुम्ही ठरवून केलं हे,” अरुंधती सासूला म्हणाली.

“मंग? मुकुंदानं परवाच वाचून दाखवलं मला सगळं. म्हणला, आई, तू राणीला नावं ठेव, ती गप बसायची न्हाई.”

सात वर्षांत नवऱ्यानं आपल्याला कधी ओळखलंच नाही, असं अरुंधतीला वाटत आलं होतं. ओळखलं होतं त्यानं, चांगलंच ओळखलं होतं. तिला रडूसुद्धा येईना.

रमाबाईंना दोन ओळी लिहून हव्या होत्या. नुसत्या तोंडी निरोपावर दीर विश्वास ठेवायचा नाही. आता लिहिणार कोण? मुकुंद कचेरीत, आणि घरात लिहिता येणारी बाई तर एकच. दुर्गाबाईंनी दौत आणून तिच्यापुढं ठेवली. नाही म्हणून आता उपयोग नव्हता, बोललेलं चौघींनी ऐकलं होतं. ‘मी आपल्या राजीखुशीनं,’ दुर्गाबाई सांगू लागल्या, आणि अरुंधती लिहू लागली.

“पर मला अजून वाटतंय,” पलीकडे उषाबाई काठीवर शेवया टाकत म्हणाली, “राणी न्हाई आणायची त्या यक्षिणीला.”

“आणंल गं. न आणून सांगती कुणाला?” गोजरबाई म्हणाली.

दोघींची चांगलीच जुंपली. या खेपेला अरुंधतीला कुणी विचारलं नाही.